अपूर्ण प्रासादाची पूर्ण कहाणी

अमेरिकेतील यादवी युद्धाने मिसिसिपी नदीकाठच्या एका भव्य प्रासादाचे बांधकाम अर्ध्यावर थांबवले. त्याच युद्धाने मुंबईत कापसाच्या व्यापाऱ्यांवर सोन्याचा पाऊस पाडला. नॅचेझ शहरातील 'लाँगवुड' हा अष्टकोनी प्रासाद आज दीडशेहून अधिक वर्षांनंतरही अपुराच उभा आहे. वास्तुकलेचा एक विलक्षण नमुना म्हणून तो पाहिला जातोच. पण ज्या समाजव्यवस्थेने तो उभारला, तिची साक्ष म्हणूनही त्याच्याकडे पाहावे लागते.

१५ मे २०२५ रोजी अमेरिकेतील लुइझियाना राज्यात 'नॉटोवे' नावाचा एक प्रासाद आगीत भस्मसात झाला. १८५९ मध्ये उसाच्या मळ्यावर बांधलेला, ६४ खोल्यांचा हा पांढराशुभ्र वाडा अमेरिकेच्या दक्षिणेकडील त्या काळच्या शिल्लक वास्तूंमध्ये सर्वांत मोठा मानला जात असे. आगीची दृश्ये प्रसिद्ध होताच अमेरिकेत दोन अगदी परस्परविरोधी प्रतिक्रिया उमटल्या. वास्तुवारशाचा अनमोल ठेवा गेला म्हणून काहींनी हळहळ व्यक्त केली, तर ज्या घराच्या मालकाकडे दीडशेहून अधिक गुलाम होते ते घर जळाले म्हणून काहींनी उघड समाधान व्यक्त केले. एका जुन्या घराच्या आगीने समाज असा दुभंगून बोलू लागतो, तेव्हा त्या घराच्या भिंतींत विटा आणि चुना यांपलीकडचे काहीतरी मिसळलेले असते, हे उघड आहे.

अशा घरांना अमेरिकेत 'अँटीबेलम' घरे म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'युद्धापूर्वीचे' एवढाच. येथे युद्ध म्हणजे १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्ध, आणि 'पूर्वी' म्हणजे त्याआधीची साधारण पन्नास-साठ वर्षे. या काळात दक्षिणेकडील मळेवाल्यांनी कापूस, ऊस आणि भात यांच्या पैशातून शेकडो प्रासाद उभारले. उंच स्तंभांच्या रांगा, प्रशस्त व्हरांडे, उंच छत आणि समोर ओक वृक्षांची वीथी हे त्यांचे चित्र हॉलिवूडच्या चित्रपटांमुळे जगभर पोहोचले आहे. लाँगवुड मात्र या चित्रात बसत नाही. त्याला ग्रीक मंदिरासारखा दर्शनी भाग नाही. त्याच्या माथ्यावर आहे चक्क कांद्याच्या आकाराचा, पौर्वात्य धाटणीचा घुमट. शिवाय हे घर कधी पूर्णच झाले नाही. म्हणूनच त्या काळाची गोष्ट इतर कोणत्याही पूर्ण झालेल्या घरापेक्षा ते अधिक प्रामाणिकपणे सांगते.

कापसावर उभे राहिलेले शहर

नॅचेझ हे मिसिसिपी नदीच्या उंच कड्यावर वसलेले शहर. फ्रेंचांनी १७१६ मध्ये येथे किल्ला बांधला. शहराचे नाव मात्र मूळच्या नॅचेझ या आदिवासी जमातीचे. पुढे या भूभागावर इंग्रज, स्पॅनिश आणि अखेर अमेरिकन सत्ता आली. शहराचे भाग्य खऱ्या अर्थाने बदलले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस. एली व्हिटनी याने सरकी काढण्याच्या यंत्राचे पेटंट १७९४ मध्ये मिळवले. जे काम हाताने करायला मजुराचा अख्खा दिवस जाई, ते यंत्राने झटपट होऊ लागले. इंग्लंडमधील सूतगिरण्यांची भूक अफाट होती. मिसिसिपी नदीकाठची गाळाची जमीन कापसाला अत्यंत अनुकूल होती. उणीव होती ती मजुरांची, आणि ती गुलामांनी भरून काढण्यात आली.

आफ्रिकेतून गुलाम आणण्यावर अमेरिकेने १८०८ मध्ये बंदी घातली होती. पण देशांतर्गत खरेदी-विक्री सुरूच राहिली. किंबहुना ती वाढली. व्हर्जिनिया, मेरिलँड यांसारख्या जुन्या राज्यांतून सुमारे दहा लाख माणसे विकून, साखळदंडांत बांधून दक्षिणेकडील कापूस पट्ट्यात नेण्यात आली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. नवरा एका मळ्यावर, बायको दुसऱ्या आणि मुले तिसऱ्याच राज्यात, अशी कुटुंबांची वाताहत झाली. नॅचेझच्या वेशीवर 'फोर्क्स ऑफ द रोड' या नावाने ओळखला जाणारा गुलामांचा बाजार भरत असे. न्यू ऑर्लिन्सच्या खालोखाल तो त्या भागातील सर्वांत मोठा बाजार होता. १८६० च्या जनगणनेत मिसिसिपी राज्याची लोकसंख्या सुमारे ७ लाख ९१ हजार नोंदवली गेली आणि त्यांपैकी सुमारे ४ लाख ३७ हजार माणसे गुलाम होती. म्हणजे राज्यातील निम्म्याहून अधिक माणसे कायद्याने दुसऱ्याची मालमत्ता होती.

नॅचेझचे वैशिष्ट्य असे, की येथील धनाढ्य मंडळींचे मळे बहुधा नदीपलीकडे, लुइझियानाच्या सखल आणि रोगट प्रदेशात असत. मालक मात्र कड्यावरच्या हवेशीर शहरात आणि त्याच्या आसपासच्या उपवनांत घरे बांधून राहत. मळ्यावर मुकादम आणि गुलाम, शहरालगत मालकाचा प्रासाद, अशी ही विभागणी होती. त्यामुळे एवढ्याशा शहरात श्रीमंती प्रासादांची दाटी झाली. १८४० च्या दशकातील 'मेलरोज' आणि १८५७ मध्ये पूर्ण झालेला 'स्टँटन हॉल' ही ग्रीक शैलीतील घरे आजही पाहायला मिळतात. लाँगवुड हे याच मालिकेतील शेवटचे आणि सर्वांत महत्त्वाकांक्षी घर.

मळेवाला आणि त्याचे घर

लाँगवुडचा मालक हॅलर नट याचा जन्म १८१६ चा. त्याचे वडील डॉ. रश नट हे वैद्यक जाणणारे आणि शेतीत प्रयोग करणारे गृहस्थ होते. सरकी काढण्याच्या यंत्रात सुधारणा करण्याचे आणि 'पेटिट गल्फ' या कापसाच्या वाणाचा प्रसार करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. हॅलरचे शिक्षण व्हर्जिनिया विद्यापीठात झाले. १८४० मध्ये त्याने ज्युलिया विल्यम्स हिच्याशी विवाह केला. पुढच्या वीस वर्षांत त्याने मळ्यांवर मळे जोडले. भरभराटीच्या काळात त्याच्याकडे सुमारे ४३ हजार एकर जमीन आणि सुमारे ८०० गुलाम होते, असे सांगितले जाते.

'अ‍ॅरेबी' या मळ्यावरची त्याची १८४३ ते १८५० या काळातील नोंदवही ड्यूक विद्यापीठाच्या संग्रहात आहे. कापसाचे उत्पन्न, मळ्याची कामे, व्यवस्थापकासाठी सूचना आणि गुलामांविषयीच्या नोंदी तिच्यात एकाच हिशेबी नजरेने केलेल्या दिसतात. क्रूर माणसांनी चालवलेली व्यवस्था, एवढेच गुलामगिरीचे वर्णन अपुरे ठरते, हे अशा दप्तरांवरून लक्षात येते. सुशिक्षित, विज्ञानाची आवड असलेली, कुटुंबवत्सल माणसेही माणसांचा हिशेब जनावरांच्या ओळीत मांडत होती, आणि त्यांना त्यात काही वावगे वाटत नव्हते.

कुटुंब मोठे होते, पैसा विपुल होता. शेजाऱ्यांपेक्षा वेगळे घर बांधावे, ही नटची इच्छा होती. त्याच्या पाहण्यात फिलाडेल्फियाचा वास्तुविशारद सॅम्युएल स्लोन याचे 'द मॉडेल आर्किटेक्ट' हे पुस्तक आले. घरांच्या आराखड्यांचे हे पुस्तक १८५० च्या दशकात लोकप्रिय होते आणि त्यात एका 'पौर्वात्य' बंगल्याचा आराखडा होता. नटने तोच आधार धरून स्लोनशी पत्रव्यवहार केला. १८६० मध्ये बांधकामाला सुरुवात झाली.

आठ कोनांचे गणित

लाँगवुडचा आराखडा अष्टकोनी आहे. ही निव्वळ हौस नव्हती. ऑर्सन फाउलर या लेखकाने १८४८ मध्ये अष्टकोनी घरांचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले आणि अमेरिकेत अशा घरांची लाट आली. फाउलरचा मुद्दा साध्या भूमितीचा होता. बाहेरील भिंतीची एकूण लांबी तेवढीच ठेवली, तर चौरसापेक्षा सम अष्टकोनात सुमारे २० टक्के अधिक जागा सामावते. म्हणजे तेवढ्याच विटांत मोठे घर. शिवाय आठही दिशांनी उजेड आणि वारा घेता येतो, आणि मध्यभागापासून प्रत्येक खोली जवळ राहते. अडचण एवढीच, की अष्टकोनाला चौकोनी खोल्यांत विभागताना तिरके कोपरे उरतात. तेथे कपाटे, जिने, लहान कोठ्या बसवाव्या लागतात.

फाउलरने हे घर सामान्य माणसाच्या काटकसरीसाठी सुचवले होते. लाँगवुडमध्ये काटकसरीची कल्पना वैभवाच्या टोकाला गेली. सुमारे ३० हजार चौरस फूट क्षेत्रफळ आणि ३२ खोल्या, असा हा बेत होता. अमेरिकेतील अष्टकोनी घरांमध्ये लाँगवुड हे सर्वांत मोठे समजले जाते.

घराच्या रचनेचा गाभा म्हणजे मधोमध असलेला अष्टकोनी पोकळ भाग. तळमजल्यापासून तो थेट वर घुमटापर्यंत जातो. प्रत्येक मजल्यावर या मध्यवर्ती दालनाभोवती खोल्यांचे कडे आहे. वरच्या बाजूला खिडक्यांनी वेढलेला गोलसर मनोरा आणि त्यावर घुमट. या रचनेमागे हवामानाचा विचार होता. मिसिसिपीचा उन्हाळा दमट आणि असह्य असतो. खालची तापलेली हवा मधल्या पोकळीतून वर चढावी, माथ्यावरच्या खिडक्यांतून बाहेर पडावी आणि तिच्या जागी व्हरांड्यातून थंड हवा आत यावी, अशी ही योजना. धुराड्यात धूर जसा वर ओढला जातो, तेच तत्त्व येथे संपूर्ण घराला लावले होते. माथ्यावरून येणारा सूर्यप्रकाश आरशांच्या साहाय्याने परावर्तित करून आतल्या, खिडक्या नसलेल्या भागांपर्यंत पोहोचवण्याचाही विचार होता. स्लोनने मनोरुग्णालयांचेही अनेक आराखडे केले होते. त्या इमारतींत हवा आणि उजेड यांना वैद्यकीय महत्त्व दिले जाई. तो अनुभव येथे कामी आलेला दिसतो.

बाहेरून पाहिले, तर घराच्या आठ बाजूंपैकी एकाआड एक बाजूंना दुमजली व्हरांडे आहेत. त्यांच्या खांबांमधील कमानींवर लाकडी नक्षीकाम आहे. छताखालच्या कडेला दाटीने बसवलेले कोरीव आधार आहेत. ही इटालियन धाटणी आणि वरचा पौर्वात्य घुमट यांचे मिश्रण वास्तुशास्त्राच्या काटेकोर अभ्यासकाला विसंगत वाटेल. पण त्या काळात हीच आधुनिक अभिरुची होती.

पूर्वेचे स्वप्न, पश्चिमेची घरे

हा घुमट आला कोठून? हिंदुस्थानातील मुघल आणि दख्खनी वास्तूंची चित्रे अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पोहोचू लागली. कंपनीच्या चाकरीतून परतलेल्या 'नबाबां'नी तशी घरे बांधून घेतली. इंग्लंडच्या राजपुत्रासाठी वास्तुविशारद जॉन नॅश याने १८१५ ते १८२३ या काळात ब्रायटनच्या राजवाड्यावर कांद्याच्या आकाराचे घुमट चढवले. तेथून ही लाट अमेरिकेत गेली. सर्कसचा प्रसिद्ध मालक पी. टी. बार्नम याने कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे १८४८ मध्ये 'इराणिस्तान' नावाचा घुमटदार प्रासाद बांधला. तो १८५७ मध्ये आगीत नष्ट झाला.

यात मुघल, तुर्की, मूरिश आणि बायझंटाइन अशा सगळ्यांची सरमिसळ होती. पूर्व म्हणजे नेमके काय, याची चौकशी न करता पूर्वेच्या वैभवाचे स्वप्न तेवढे उचलले होते. नटच्या मळ्याचे नाव 'अ‍ॅरेबी' होते, हेही या ओढीचेच लक्षण. मिसिसिपीच्या काठी घुमट चढवणाऱ्या या माणसाचे नशीब लवकरच खऱ्या हिंदुस्थानातील कापसाशी वेगळ्याच रीतीने जोडले जाणार होते.

हातोडे खाली पडले

बाहेरच्या भिंतींसाठी लागणाऱ्या लाखो विटा जागेवरच, नटच्या गुलामांनी पाडल्या आणि भाजल्या. कुशल सुतार, गवंडी आणि रंगारी फिलाडेल्फियाहून आले. तयार लाकूडकाम आणि इतर साहित्य उत्तरेकडून जहाजांनी येत होते. दक्षिणेचे हे स्वप्नघर उत्तरेच्या कारागिरीवर अवलंबून होते, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. दक्षिणेने आपले सारे भांडवल जमीन आणि माणसे खरेदी करण्यात गुंतवले होते. कारखानदारी आणि यंत्रविद्या उत्तरेकडे होती. पुढे युद्धाच्या निकालात हाच फरक निर्णायक ठरला.

एप्रिल १८६१ मध्ये युद्धाला तोंड फुटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. मागवलेले सामान येईना. बाहेरचे काम बहुतांश पुरे झाले होते, आतले व्हायचे होते. त्याच वर्षी फिलाडेल्फियाचे कारागीर आपले काम टाकून घराकडे निघून गेले. त्यांनी मागे सोडलेली हत्यारे, रंगाचे डबे, सामानाची खोकी आजही वरच्या मजल्यांवर पाहायला मिळतात.

त्यानंतर नटने स्थानिक मजूर आणि आपले गुलाम यांच्याकडून फक्त तळमजला राहण्याजोगा करून घेतला. ३२ खोल्यांपैकी ९ खोल्या पूर्ण झाल्या. १८६२ मध्ये कुटुंब तेथे राहायला गेले. वरच्या मुख्य मजल्यापासून घुमटापर्यंत उघड्या विटा, लाकडी तुळया आणि रिकाम्या चौकटी तशाच राहिल्या. आजचा पर्यटक जे पाहतो, त्यातला बराचसा भाग हाच आहे. आणि जो भाग पूर्ण झाला, तो ज्यांना वेतन नव्हते, ज्यांची नावे बहुतांशी कोणी लिहून ठेवली नाहीत, अशा हातांनी पूर्ण केला.

नट स्वतः संघराज्य फोडण्याच्या विरोधात होता. पण त्याची संपत्ती ज्या व्यवस्थेवर उभी होती, ती वाचवण्यासाठीच दक्षिणेने शस्त्र उचलले होते. ही कोंडी त्याला फोडता आली नाही. व्हिक्सबर्गचा पाडाव ४ जुलै १८६३ रोजी झाला आणि त्याच महिन्यात नॅचेझ उत्तरेच्या सैन्याच्या ताब्यात आले. मळ्यांवरील कापूस, धान्य, यंत्रे यांची दोन्ही बाजूंच्या सैन्यांनी वाट लावली. जून १८६४ मध्ये न्यूमोनियाने नटचा मृत्यू झाला. तो तेव्हा पन्नाशीच्याही आत होता. लोकांनी त्याच्या घराला 'नटचा मूर्खपणा' असे नाव ठेवले.

त्याच वेळी शहराच्या वेशीवर वेगळेच काही घडत होते. उत्तरेचे सैन्य येताच हजारो गुलाम मळे सोडून नॅचेझमध्ये दाखल झाले. अनेकजण कृष्णवर्णीय पलटणींत भरती झाले. 'फोर्क्स ऑफ द रोड'चा बाजार बंद पडला आणि तेथील कोठड्या पाडून त्यांचे लाकूड सैनिकांच्या बराकींसाठी वापरले गेले. एका घराचे बांधकाम थांबल्याची हळहळ आणि एका बाजाराची मोडतोड झाल्याचा आनंद, या एकाच शहराच्या, एकाच काळातील दोन बाजू आहेत.

मुंबईचा लाभ

अमेरिकन युद्ध सुरू झाले, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून येत होता. तो एकाएकी बंद झाला. लँकेशायरमधील गिरण्या थंडावल्या, हजारो कामगार उपाशी पडले आणि साऱ्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. खरे तर हा प्रयत्न जुना होता. १८४० च्या सुमारासच ईस्ट इंडिया कंपनीने अमेरिकेच्या कापूस पट्ट्यातून काही अनुभवी मळेवाल्यांना येथे आणून अमेरिकन वाणाची लागवड करून पाहिली होती. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील धारवाड भागात ती रुजलीही. पण दर्जा आणि वाहतूक यांत अमेरिकन कापसापुढे आपला कापूस मागे पडे. युद्धाने ही स्पर्धाच संपवली.

मुंबईत कापसाचे भाव काही पटींनी चढले. वऱ्हाड, खानदेश, गुजरातमधून गाड्याच्या गाड्या कापूस बंदराकडे येऊ लागला. शहरात पैसा मावेना, तेव्हा बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या. 'बॅक बे' कंपनीच्या शेअरने तर कहर केला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती जनरल ली शरण आल्याची बातमी पोहोचली आणि हा फुगा फुटला. १ जुलै १८६५ रोजी, वायद्यांची देणी चुकती करण्याच्या दिवशी, मोठमोठ्या पेढ्या बसल्या. 'कापसाचा राजा' म्हणवला जाणारा प्रेमचंद रायचंद हाही दिवाळखोर झाला. तरी त्याने आधी देऊन ठेवलेल्या देणगीतून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा राहिला आणि १८७८ मध्ये पूर्ण झाला. टॉवरचा आराखडा इंग्रज वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याचा.

दोन वास्तूंची ही तुलना मोठी अर्थपूर्ण आहे. नॅचेझच्या प्रासादावर पूर्वेचा घुमट आणि मुंबईच्या मनोऱ्यावर पश्चिमेची गॉथिक शैली. एक वास्तू युद्धामुळे थांबली, दुसरी युद्धाच्या पैशातून उठली. दोन्हींच्या पायात कापूस आहे. आणि त्या कापसामागे राबणारी माणसे, मिसिसिपीतील गुलाम असोत की भाव कोसळल्यावर कर्जात बुडालेले आपल्याकडील कुणबी असोत, या वास्तूंच्या कोनशिलांवर कोठेच नाहीत.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा आणखी एक धागा आहे, आणि तो पैशाचा नाही. युद्ध संपल्यावर डिसेंबर १८६५ मध्ये अमेरिकेने घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी रद्द केली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला. कापसाच्या भावापलीकडे, त्या युद्धाचा नैतिक अर्थ ओळखणारा माणूस पुण्यात होता. खुद्द मिसिसिपी राज्याने तेराव्या दुरुस्तीला संमती दिली ती १९९५ मध्ये. तिची अधिकृत नोंद केंद्राकडे पोहोचायला २०१३ साल उजाडले.

जतन कशाचे करायचे?

नटच्या मृत्यूनंतर ज्युलिया मुलांसह तळमजल्यावरच राहिली. युद्धात झालेल्या नुकसानीची भरपाई मिळावी म्हणून ती केंद्र सरकारकडे दीर्घकाळ झगडली. १८९७ मध्ये ती वारली. पुढच्या पिढ्यांकडे घर पूर्ण करण्याइतका पैसा कधीच आला नाही. १९६८ मध्ये वारसांनी घर विकले. टेक्सासमधील मॅकॅडम्स फाउंडेशनने ते घेऊन दुरुस्त केले आणि १९७० मध्ये नॅचेझच्या 'पिल्ग्रिमेज गार्डन क्लब' या संस्थेकडे सोपवले. १९६९ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला होता. वरचे मजले पूर्ण न करता जसे आहेत तसेच ठेवण्याचे धोरण स्वीकारले गेले. हा निर्णय शहाणपणाचा म्हटला पाहिजे. पूर्ण केलेले लाँगवुड हे आणखी एक शोभिवंत घर झाले असते. अपूर्ण लाँगवुड इतिहास सांगते.

इतिहास सांगायचा, पण कोणाचा, हा प्रश्न मात्र गेल्या काही दशकांत तीव्र झाला आहे. नॅचेझमध्ये जुनी घरे पर्यटकांसाठी खुली करण्याचा उपक्रम १९३२ मध्ये, जागतिक मंदीच्या दिवसांत सुरू झाला. शहराला त्याने उत्पन्न दिले आणि घरे वाचवली. अर्थात घेरदार झगे घातलेल्या स्त्रिया, मेणबत्त्यांचा प्रकाश आणि गतवैभवाच्या गोड आठवणी, असाच त्याचा दीर्घकाळ सूर होता. त्यात पाठीमागच्या झोपड्यांना जागा नव्हती. आता चित्र बदलते आहे. लुइझियानातील 'व्हिटनी' मळ्यावर २०१४ मध्ये गुलामांच्या जीवनावर केंद्रित असलेले संग्रहालय सुरू झाले. नॅचेझचा जुना गुलामबाजार, 'फोर्क्स ऑफ द रोड', २०२१ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग झाला. तेथे कोणताही प्रासाद नाही. उरली आहे ती मोकळी जागा आणि तिची स्मृती.

याला आक्षेप घेणारेही आहेत. सुंदर वास्तूकडे केवळ अपराधाच्या चष्म्यातून का पाहावे, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न अगदीच निराधार नाही. स्लोनची कल्पकता खरी होती, हवेच्या अभिसरणाची योजना खरोखर हुशारीची होती आणि कारागिरी अव्वल दर्जाची होती. हे नाकारल्याने कोणालाही न्याय मिळत नाही. पण या घराची भूमिती समजावून सांगताना, त्याच्या विटा कोणी भाजल्या हे न सांगणे म्हणजे अर्धाच आराखडा दाखवणे होय. सौंदर्य आणि अन्याय हे येथे एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. ते एकाच भिंतीत चिणलेले आहेत.

नॉटोवे जळाले तेव्हा ज्यांना आनंद झाला, त्यांची वेदना समजण्याजोगी आहे. तरीही अशा वास्तू नष्ट झाल्याने इतिहास पुसला जातो तो दोघांचाही. मालकाचा तर जातोच, पण ज्यांच्या नावे दुसरे कोणतेही स्मारक नाही, त्या बांधणाऱ्यांचाही जातो. लाँगवुडच्या वरच्या मजल्यावर, गिलावा न लागलेल्या उघड्या भिंतींत, विटांचे थर स्पष्ट दिसतात. गिलावा लागला असता, त्यावर रंग चढला असता, तर त्या विटा कोणाला दिसल्या नसत्या. युद्धाने ते होऊ दिले नाही. एका श्रीमंताच्या स्वप्नाचे ते अपयश खरेच. पण त्या अपयशामुळेच ज्यांनी हे घर उभारले, त्यांच्या हातचे काम आज उघड्यावर, सर्वांच्या नजरेसमोर राहिले आहे.